‘व्हिंडिक्टिव्ह’ म्हणजे नेमके काय? माझ्या मूल्यमापन अहवालात हा शब्द आला आहे

लेखापाल_मानेवाडा
नमस्कार. मी नागपुरातील एका खासगी संस्थेच्या लेखा विभागात चौदा वर्षांपासून नोकरी करतो. यंदाच्या वार्षिक मूल्यमापन अहवालात कामाविषयीचे माझे सगळे रकाने समाधानकारक आहेत. मात्र ‘स्वभाव व वर्तन’ या शेवटच्या रकान्यात वरिष्ठांनी निळ्या शाईने एकच इंग्रजी वाक्य लिहिले आहे, आणि त्याचा आशय असा, की मी सहकाऱ्यांशी व्हिंडिक्टिव्ह वागतो. त्या एका शब्दाखाली रेघही ओढलेली आहे. लेखी खुलासा देण्यासाठी मला सात दिवसांची मुदत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जानेवारीत प्रवासभत्त्याची बिले तपासताना एका सहकाऱ्याच्या दोन वेगवेगळ्या व्हाउचरना टॅक्सीची एकाच क्रमांकाची पावती जोडलेली मला आढळली. एकीला मूळ पावती होती आणि दुसरीला तिचीच छायाप्रत. मी ते लेखी कळवले, त्यांची विचारणा झाली आणि रक्कम परत घेण्यात आली. मार्चमध्ये त्याच सहकाऱ्यांचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला. त्यावर विभागप्रमुखांची सही नसल्यामुळे मी तो परत पाठवला. या दोन घटना एकमेकींना जोडून हा शेरा लिहिला गेला असावा, असे मला वाटते.

शब्दकोशात ‘सूड घेणारा’ एवढाच अर्थ मिळाला. ‘व्हेंजफुल’ या शब्दासमोरही तोच अर्थ दिला आहे, मग दोहोंत फरक काय? आमच्याच विभागातील एका तरुण सहकाऱ्याचे म्हणणे असे, की ‘व्हिंडिकेट’ म्हणजे निर्दोष ठरणे, त्यामुळे हा शब्दही फारसा वाईट नसावा. खुलासा मला मराठीत आणि इंग्रजीत असा दोन्ही भाषांत द्यायचा आहे, म्हणून या शब्दासाठी योग्य मराठी शब्द कोणता हेही कृपया सांगावे. मी कोणाचा सूड घेतलेला नाही; पण जो आरोप मला नीट कळलेलाच नाही, त्याला उत्तर कसे देऊ?

निवृत्त_इंग्रजी_शिक्षिका
भाऊ, तुमच्या तरुण सहकाऱ्याचा गैरसमज आधी दूर करते, कारण त्या समजुतीवर विसंबून खुलासा लिहिलात तर तुमचेच नुकसान होईल. हा शब्द वाईटच आहे, आणि माणसाच्या स्वभावाविषयी लिहिला जातो तेव्हा तर फारच वाईट आहे. व्हिंडिकेट आणि व्हिंडिक्टिव्ह एकाच लॅटिन कुळातले आहेत, एवढे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. लॅटिनमधील ‘विंदिकारे’ या क्रियापदात हक्क सांगणे, सोडवून आणणे आणि अन्यायाचे शासन करणे हे सगळे अर्थ एकत्र होते. ‘विंदिक्ता’ हे त्याच घराण्यातले नाम. प्राचीन रोममध्ये दंडाधिकाऱ्यासमोर गुलामाला मुक्त करण्याचा जो विधी होत असे, त्यात त्याला ज्या काठीने स्पर्श करत तिचे नावही ‘विंदिक्ता’च होते, आणि सूडालाही ‘विंदिक्ता’च म्हणत. इंग्रजीत येईपर्यंत या घराण्याची वाटणी झाली. निर्दोषत्व आणि सुटका व्हिंडिकेटच्या वाट्याला गेली, तर सूड व्हिंडिक्टिव्हच्या. फ्रेंचच्या वाटेने आलेले व्हेंजन्स, अव्हेंज आणि रिव्हेंज हे याच दोघांचे चुलत भाऊ. इटालियन भाषेतून आलेला ‘व्हेंडेटा’ही त्यांच्यातलाच, आपल्याकडे हिवाळी अधिवेशनात एकमेकांवर ‘सूडाच्या राजकारणा’चे आरोप होतात, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रे हमखास हाच शब्द वापरतात.

आता व्हेंजफुल आणि व्हिंडिक्टिव्ह यांतील फरक. व्हेंजफुल या शब्दात सूडाची भावना मुख्य असते, आणि तिच्यामागे बहुधा एखादी मोठी जखम असते. अश्वत्थाम्याचे उदाहरण घ्या. शस्त्र खाली ठेवून बसलेल्या द्रोणाचार्यांचे मस्तक धृष्टद्युम्नाने उडवले, आणि त्याचा सूड घ्यावा असे त्यांच्या मुलाला वाटले. इथपर्यंत त्याला व्हेंजफुल म्हणता येईल, आणि वाचकाच्या मनात त्याच्याविषयी थोडी करुणाही राहील. पण पुढे युद्धाच्या अठराव्या दिवशी रात्री शिबिरात झोपलेल्या द्रौपदीच्या पाच पुत्रांना त्याने मारले आणि पुढे उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले, तेव्हा जखम आणि शिक्षा यांचे प्रमाणच सुटले. व्हिंडिक्टिव्ह या शब्दाचा मुलूख तिथून सुरू होतो. अर्थात एवढ्या भीषण कृत्यासाठी इंग्रजीत कोणी हा शब्द सहसा वापरणार नाही. मी फक्त सीमारेषा दाखवली. प्रत्यक्षात हा शब्द कार्यालयात, भाऊबंदकीत, मोडलेल्या लग्नात आणि शेजाऱ्यांच्या भांडणात जास्त फिरतो.

तो वापरणाऱ्याला बहुधा तीन गोष्टी एकदम सांगायच्या असतात. या माणसाच्या मनात जुनी गोष्ट टिकून आहे, संधी मिळताच तो समोरच्याला त्रास देतो, आणि तो त्रास मूळ कारणाच्या मानाने अवाजवी असतो. मूळ कारण खरे असलेच पाहिजे असेही नाही. मनाने घेतलेला अपमानही पुरतो. शेजाऱ्याने कूलरचे पाणी मुद्दाम तुमच्या जिन्यात सोडले, तर ते स्पाइटफुल, म्हणजे निव्वळ त्रास देण्यासाठी केलेला खोडसाळपणा. पण वर्षापूर्वी तुम्ही सोसायटीच्या सभेत त्याच्याविरुद्ध मत दिले म्हणून तो तुमची पार्किंगची जागा, गच्चीची किल्ली आणि नळाची जोडणी एकामागून एक अडवू लागला, तर तो व्हिंडिक्टिव्ह. हात धुऊन पाठीस लागणे या आपल्या वाक्प्रचाराची छटा त्यात आहे.

हा शब्द व्यक्तीप्रमाणेच कृतीलाही लावतात. व्हिंडिक्टिव्ह बदली, व्हिंडिक्टिव्ह निर्णय, व्हिंडिक्टिव्ह शेरा असे प्रयोग इंग्रजीत सर्रास आढळतात. उच्चार करताना जोर मधल्या ‘डिक्’वर द्यावा.

तुमच्या प्रकरणातला कळीचा मुद्दा मला असा दिसतो, की पावतीची तक्रार करणे ही व्हिंडिक्टिव्ह कृती होऊच शकत नाही, कारण तिच्याआधी तुमचे काही बिघडलेले नव्हते. सूडाला आधी काहीतरी घडलेले असावे लागते. त्यामुळे आरोप उरतो तो फक्त रजेच्या अर्जापुरता. तिथे प्रश्न हेतूचा आहे. सही नसलेले इतरांचे अर्जही तुम्ही असेच परत पाठवले होते का? पाठवले असतील, तर तो नियम आहे. फक्त यांचाच पाठवला असेल, तर शेरा लिहिणाऱ्याला काही आधार मिळतो. मी कोणाची बाजू घेत नाही, हा शब्द जे विचारतो तेच तुम्हाला विचारते आहे.

अंबाझरीकर
इतका विचार करण्याची आवश्यकता मला वाटत नाही. ‘सूडखोर’ असा सरळ शब्द मराठीत आहे, तोच वापरावा.

वकील_सिव्हिल_लाइन्स
मी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो आणि इंग्रजी कागदपत्रांची मराठी भाषांतरे रोज वाचतो, म्हणून दोन गोष्टी आग्रहाने सांगतो.

पहिली अशी, की कायद्याच्या पुस्तकात हा शब्द दिसला तर तिथे ‘सूड’ लिहिण्याची घाई करू नये. वाणिज्य शाखेच्या आणि विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना करार कायद्यात ‘व्हिंडिक्टिव्ह डॅमेजेस’ नावाचा विषय असतो. त्याचे भाषांतर ‘सूडाची भरपाई’ असे केलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ते सपशेल चुकीचे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम ७३ प्रमाणे करारभंगाची भरपाई प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीपुरती असते. शिक्षा करणे हा तिचा उद्देश नसतो. पाठ्यपुस्तके याला दोन अपवाद सांगतात. एक, लग्नाचे वचन मोडणे. आणि दुसरा, खात्यात पुरेसे पैसे असूनही बँकेने ग्राहकाचा चेक नाकारणे. या दुसऱ्या अपवादाबाबत शिकवला जाणारा नियम मला फार आवडतो. व्यापाऱ्याचा चेक जितका लहान, तितकी भरपाई मोठी, कारण पाचशे रुपयांचाही चेक वटला नाही असे इतवारीच्या बाजारात कळले, तर त्या व्यापाऱ्याची पत अधिक खालावते. इथे कोणी कोणाचा सूड घेत नाही. पुन्हा असे करण्याची हिंमत होऊ नये म्हणून न्यायालय जरब बसवते. म्हणून अशा ठिकाणी ‘दंडात्मक भरपाई’ लिहावे. न्यायाने केलेली शिक्षा हा लॅटिनमधला जुना अर्थ या एका कोपऱ्यात शिल्लक राहिला आहे.

दुसरी गोष्ट हेतूविषयीची आहे. हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल या खटल्याचा निकाल १९९२ च्या निकालपत्रांत छापलेला आहे, आणि फौजदारी कारवाई रद्द करण्याच्या अर्जांत तो आजही सतत उद्धृत होतो. पूर्वी हे अर्ज दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली होत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली होतात. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात उदाहरणादाखल सात प्रकार दिले. सातवा प्रकार असा, की आरोपीवर सूड उगवण्याच्या सुप्त हेतूने आणि खासगी, वैयक्तिक आकसापोटी त्याला त्रास देण्यासाठी दुष्टाव्याने केलेली कारवाई. तिथे इंग्रजीत तीन वेगळे शब्द आले आहेत. ‘ग्रज’ म्हणजे मनात साठलेला आकस, ‘स्पाइट’ म्हणजे त्या आकसातून उपजलेली त्रास देण्याची इच्छा, आणि ‘व्हेंजन्स’ म्हणजे प्रत्यक्ष उगवलेला सूड. व्हिंडिक्टिव्ह हे विशेषण ज्या माणसाला लावतात, त्याच्यात ही संपूर्ण साखळी गृहीत धरलेली असते. म्हणूनच तो आरोप सिद्ध करणे अवघड असते, आणि म्हणूनच तो पुराव्याशिवाय लिहिणे गैर आहे.

तुमच्या खुलाशात शब्दाचा अर्थ समजावून सांगत बसू नका. कोणती घटना, कोणत्या तारखेची, आणि तिच्यात आकस कशावरून दिसला, हे नम्रपणे विचारा. अर्ज परत पाठवल्याची नोंदवही असेल तर तिची प्रत जोडा.

लेखापाल_मानेवाडा
मॅडम, वकील साहेब, आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. आज दुपारी आवक-जावक नोंदवही पाहिली. जानेवारी ते मार्च या काळात अपुऱ्या सहीमुळे मी एकूण अकरा अर्ज परत पाठवले, ते आठ जणांचे होते, आणि संबंधित सहकाऱ्यांचा अर्ज त्यांतील एक आहे. त्याच आठवड्यात माझ्या जवळच्या मित्राचाही अर्ज परत गेलेला आहे.

मात्र एक गोष्ट लपवणे मला योग्य वाटत नाही. इतर दहा अर्जांना जोडलेल्या चिठ्ठीवर मी फक्त ‘सही आवश्यक’ एवढेच लिहिले होते. या सहकाऱ्यांच्या चिठ्ठीवर मात्र ‘नियम किती वेळा सांगायचे’ असेही लिहिले गेले आहे. अक्षर माझेच आहे. लिहिताना मनात काय होते, ते आज खात्रीने सांगता येत नाही. पण पावतीच्या प्रकरणानंतर ते माझ्याशी बोलणे टाळत होते आणि त्याचा मला राग आला होता, हे खरे आहे. या एका वाक्यामुळे तो शब्द मला लागू होतो का?

वऱ्हाडी_शब्दवेडा
भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मॅडम उत्तर देतीलच. मी मराठी शब्दाविषयी लिहितो, कारण अंबाझरीकरांची सूचना वाटते तितकी चुकीची नाही. ‘खोर’ हा प्रत्यय सवय दाखवतो. भांडखोर एकदा भांडणारा नव्हे आणि लाचखोर एकदा लाच घेऊन थांबणारा नव्हे, त्याचप्रमाणे सूडखोर म्हणजे ज्याच्या स्वभावातच सूड आहे तो. या दृष्टीने तो ‘सूड घेणारा’ यापेक्षा नक्कीच नेमका आहे. माझी अडचण एवढीच, की बोलताना तो कोणाच्या तोंडी येत नाही. आपल्याकडे माणसे म्हणतात, तो मनात डूख धरून आहे. हा शब्द ऐकताच साप डोळ्यांपुढे येतो, कारण डिवचलेला साप डूख धरतो आणि वर्षांनंतरही माणूस ओळखून दंश करतो, असा लोकांचा समज आहे. सापाच्या बाबतीत तो समज खरा नाही, त्याला असे काही लक्षात राहत नाही. पण माणसाच्या बाबतीत त्या शब्दाने जे पकडले आहे ते अचूक आहे. थांबणे, विसरू न देणे आणि वेळ साधणे, हे सगळे ‘डूख’ या दोन अक्षरांत येते. नागपूरच्या बोलीत ‘खुन्नस’ अधिक चालतो. ‘तो माह्यावर खुन्नस काढून राहिला’ हे वाक्य इथे कोणत्याही पानठेल्यावर ऐकायला मिळेल, आणि व्हिंडिक्टिव्ह या शब्दाचे इतके जिवंत भाषांतर मला दुसरे माहीत नाही. लेखी खुलाशात अर्थातच ते शोभणार नाही.

याउलट ‘वचपा काढणे’ आणि ‘उट्टे काढणे’ हे वाक्प्रचार इथे आणू नयेत. जामठ्याच्या मैदानावर २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेने भारताला एक डाव आणि ६ धावांनी हरवले आणि २०१५ मध्ये त्याच मैदानावर भारताने त्यांना १२४ धावांनी हरवले. त्या विजयाला कोणीही वचपा म्हणेल, आणि त्यात कसलाही दोष नाही. व्हिंडिक्टिव्ह या शब्दात मात्र दोष असतोच. ‘खुनशी’ हा शब्द जवळ येतो, पण त्यात क्रौर्य अधिक आणि हिशेब कमी. कार्यालयीन कागदासाठी माझी पसंती व्यक्तीबद्दल ‘सूडबुद्धीचा’ आणि कृतीबद्दल ‘आकसाने केलेली’ किंवा ‘सूडबुद्धीने केलेली’ या शब्दांना आहे. ‘बुद्धी’ या शब्दामुळे आरोप हेतूवर येऊन ठेपतो, आणि भाऊ, तुमच्या प्रकरणात वाद हेतूचाच आहे.

निवृत्त_इंग्रजी_शिक्षिका
भाऊ, चिठ्ठीची गोष्ट तुम्ही स्वतः सांगितलीत याचे मला फार बरे वाटले. माझ्या मते त्या वाक्याने तुम्ही व्हिंडिक्टिव्ह ठरत नाही. ते वाक्य तुटक आहे, थोडे कडवट आहे, आणि त्या सहकाऱ्यांना लागले असणार हेही उघड आहे. इंग्रजीत अशा बोलण्याला कर्ट म्हणतात, फार तर हार्श. पण त्या वाक्याने त्यांची रजा गेली नाही, पगार कापला गेला नाही, आणि त्यांच्या अर्जाला इतर दहा अर्जांपेक्षा वेगळा नियम लावला गेला नाही. राग मनात असणे आणि त्या रागाने निर्णय बदलणे, या दोहोंमध्ये हा शब्द उभा आहे. तुमचा निर्णय बदललेला नव्हता, नोंदवही तेच सांगते.

तरीही ते वाक्य खुलाशातून वगळू नका. ती चिठ्ठी वरिष्ठांनी पाहिली असेल आणि तुम्ही तिच्याविषयी मौन बाळगले असेल, तर अकरा अर्जांच्या नोंदीवरचाही त्यांचा विश्वास उडेल. भाषेबद्दल खेद व्यक्त करा, निर्णयाबद्दल करू नका.

लेखापाल_मानेवाडा
मॅडम, आपल्या सर्वांच्या मार्गदर्शनानुसार मराठी मसुदा असा केला आहे: ‘दिनांक व घटना नमूद न करता माझ्या वर्तनास सूडबुद्धीचे म्हटले आहे. सही नसलेले अकरा अर्ज मी एकाच नियमाने परत पाठवले असून नोंदवहीची प्रत सोबत जोडली आहे. एका चिठ्ठीवरील माझी भाषा अनावश्यक कठोर होती, त्याबद्दल मी संबंधित सहकाऱ्यांकडे प्रत्यक्ष भेटून दिलगिरी व्यक्त करीत आहे. ज्या घटनेवरून आकस दिसून आला असे वाटते, ती कृपया कळवावी, म्हणजे मला उत्तर देता येईल.’ इंग्रजी मसुद्याच्या शेवटी, नोंदवहीमुळे मी व्हिंडिकेट झालो आहे, अशा अर्थाचे वाक्य घातले आहे. ते योग्य आहे का?

निवृत्त_इंग्रजी_शिक्षिका
मराठी मसुद्यात मला एकही शब्द बदलावासा वाटत नाही. इंग्रजीतील ते शेवटचे वाक्य मात्र काढून टाका. व्हिंडिकेट झालो असे आपल्या बाजूने निर्णय लागल्यावर म्हणतात, आणि निर्णय अजून वरिष्ठांच्या हातात आहे. शिवाय एकाच कागदावर व्हिंडिक्टिव्ह आणि व्हिंडिकेट शेजारी आले, तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. त्याऐवजी, मी कोणत्याही सहकाऱ्याशी सूडबुद्धीने वागलेलो नाही, एवढेच लिहा, आणि व्हिंडिक्टिव्ह या शब्दापुढे ‘टोवर्ड्स’ हे शब्दयोगी अव्यय घ्या. तुमच्या मसुद्यात तिथे ‘विथ’ आले आहे. मुदतीचा शेवटचा दिवस रविवारी येत असेल, तर शनिवारीच पोच घेऊन ठेवा.